भानामतीचे अर्ज

आमच्या घरात भानामती सुरू झाली तेव्हा घाबरायच्या आधी सगळ्यांना लाज वाटली. भुताचं एक वेळ चालतं. माईच्या, म्हणजे आजीच्या, माहेरी कोकणात प्रत्येक घराला राखणदार आणि प्रत्येक पिंपळावर मुंजा होता, आणि त्यांचा उल्लेख घरातल्या वडीलधाऱ्यांइतक्याच अदबीने व्हायचा. वास्तुदोष, पितृदोष, साडेसाती हीसुद्धा पत्करण्यासारखी दुखणी. चार माणसांत सांगता येतात. पण भानामती? "ते मराठवाड्यात असतं," माई म्हणाली. "आपल्या पेठेत कुणाकडे झालेली ऐकलीयस का कधी?" मराठवाड्यातल्या कुणाला विचारलं असतं तर ती कर्नाटकात असते असं उत्तर मिळालं असतं, याबद्दल मला शंका नाही. भानामती कायम पलीकडच्या जिल्ह्यात असते.

अण्णा, म्हणजे आजोबा, कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. "सदर बाब घराबाहेर जाता कामा नये," असा तोंडी हुकूम त्यांनी काढला. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने आमच्या दळणाच्या डब्यावर लिंबू ठेवलं आणि मगच चक्कीचा पट्टा चढवला.

१९९२ सालचा पावसाळा. साताऱ्यातलं आमचं घर म्हणजे पुढे सोपा, मधे माजघर, मागे स्वैपाकघर, त्याच्याही मागे न्हाणी आणि न्हाणीवर पत्रा. वर माडी. एवढ्यात अण्णा, माई, माझे आई-वडील, काका-काकू, सासरहून परत आलेली आत्या, चुलतभाऊ मन्या आणि मी. घरात एक तिजोरी, एक हिशेबाची वही आणि एक मत होतं. तिन्ही अण्णांकडे असत.

सुरुवात पत्र्यापासून झाली. रात्री पत्र्यावर दगड पडला. एक दगड म्हणजे चिंचा पाडणारी पोरं. दोन दगड म्हणजे नळावरून शेजाऱ्यांशी झालेलं भांडण. पण झाडावर चिंचा नसताना आणि भांडण मिटलेलं असतानाही दगड पडायला लागले, तेव्हा अण्णांनी कंदील घेऊन परसात स्थळपाहणी केली. ते परसात असताना स्वैपाकघरातल्या फळीवरचा पितळी डबा धाडदिशी खाली आला. मग रोज काहीतरी. साखरेच्या डब्यात मीठ निघालं आणि नेमक्या अण्णांच्या चहात पडलं. अण्णांचा चष्मा लोणच्याच्या बरणीत सापडला, फोडींच्या वर, वाचायला बसल्यासारखा. एका सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या धोतराचे दोन तुकडे झालेले दिसले, काठाला अगदी समांतर.

पहिले काही दिवस घर खरोखर भेदरलेलं होतं. सगळे माजघरात एकत्र झोपायचे. रात्री न्हाणीकडे जायचं तर दोघांनी जायचं. पण माणसाला कशाचीही सवय होते, आणि सवय झाली की त्यातली सोय दिसायला लागते.

पहिला फायदा मन्याने घेतला. त्याचं प्रगतिपुस्तक सहीला यायच्या आधीच अदृश्य झालं. एरवी त्याच्या पाठीवर छडी तुटली असती. या वेळी माईने त्याच्यावरून मीठ-मोहरी ओवाळली. काकांच्या स्कूटरमधलं पेट्रोल वेळीअवेळी संपायला लागलं. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिक्षक. त्यांचे पेपर तपासून व्हायचे राहिले होते. गठ्ठा रात्री उधळला गेला, आता तो पुन्हा लावण्यातच आठवडा जाणार. आईच्या हातची कढी फाटली. आईच्या हातची कढी आधीही फाटायची, पण आता त्याला कारण होतं. शेजारच्या काकूंनी आमच्याकडून होळीला नेलेलं पुरणयंत्र तोवर परत आलेलं नव्हतं. माईने आठवण करताच त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, "अहो माई, मी ठेवून गेले होते की तुमच्या ओट्यावर! नाही सापडत? म्हणजे बघा!" आमच्या भानामतीचा हद्दीबाहेर झालेला हा पहिला वापर.

उपाय सुचवणारे लोक आपण होऊन येत. दारावर लिंबू-मिरची आली, उंबऱ्याला काळा दोरा आला, चौकटीला बिब्बा टांगला. या बिब्ब्याची गंमत मला बऱ्याच वर्षांनी कळली. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात आणि कापडावर न जाणारे काळे डाग पडतात. परीट पूर्वी त्यानेच कपड्यांवर खुणा करीत. जिथे भानामती अंगावर किंवा कपड्यांवर फुल्या उमटवते, तिथे त्या फुल्या बहुधा बिब्ब्यानेच काढलेल्या असतात. म्हणजे शाईची बाटली आम्हीच दाराला बांधली होती. आपोआप पेट घेणाऱ्या कपड्यांमागे पांढरा फॉस्फरस निघतो. हवा लागली की तो स्वतःच पेटतो, त्याला मंत्र लागत नाही. आमच्याकडची भानामती एवढी शिकलेली नव्हती. तिचं सगळं काम घरगुती सामानात चालायचं.

एक मांत्रिकही आला. गळ्यात माळा, हातात मोरपिसांचा कुंचा, बरोबर पिशवी धरायला एक पोऱ्या. त्याने घरभर हिंडून वास घेतला, न्हाणीपाशी थांबून मान हलवली आणि खर्चाचा आकडा सांगितला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पावती मिळेल?"

"कसली पावती?"

"एवढ्या रकमेला महसूल तिकीट लावून सही लागते. शिवाय बाधा गेली नाही तर परतावा कसा, हेही लेखी द्या."

बारा पिढ्यांचे समंध उतरवलेला तो माणूस. "घरात वयस्क माणसाचाच दोष आहे," असं पुटपुटत चहाही न घेता गेला. त्याचं निदान बरोबर होतं असं आज मला वाटतं.

कारण एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पितळी डबा पडायचा तो जेवणं आटोपून अण्णा हिशेबाची वही उघडायचे तेव्हा. वही उघडली की अण्णा चष्मा लावून एकेकाला विचारीत: आज रॉकेल किती, भाजी कितीची, उरलेले आठ आणे कुठे गेले. आठ आण्यांचा प्रश्न विचारला गेला की डबा पडे. सगळे धावत, वही बाजूला राही, आणि आठ आणे त्या रात्रीपुरते वाचत. भानामती कोण आहे हे शोधण्यापेक्षा ती कुणाच्या बाजूची आहे हे बघितलं असतं, तर आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात उलगडा झाला असता.

हे माझं एकट्याचं तत्त्वज्ञान नाही. त्याला विलायती पुरावा आहे. इंग्लंडमध्ये लिंकनशरमधल्या एपवर्थ गावी सॅम्युअल वेस्ली नावाच्या पाद्र्याच्या घरात १७१६च्या डिसेंबरात ठकठक सुरू झाली. पुढे मेथडिस्ट पंथ काढणारा जॉन वेस्ली त्यांचाच मुलगा. तो तेव्हा लंडनला शाळेत होता, त्याने मागाहून घरच्यांच्या जबान्या गोळा केल्या. घर मुलींनी भरलेलं. मुलींनी त्या ठोकणाऱ्याचं नाव ‘ओल्ड जेफ्री’ ठेवलं होतं, म्हणजे आपल्याकडे म्हातारे गणपतराव वगैरे म्हणावं तसं. या जेफ्रीची एक खोड होती. पाद्रीबुवा संध्याकाळच्या प्रार्थनेत राजा जॉर्जसाठी आशीर्वाद मागायला लागले की तो भिंतीवर जास्तच जोरात ठोकायचा. आता या घरचा पूर्वेतिहास बघा. त्याच्या पंधराएक वर्षं आधी, राजा विल्यमसाठी केलेल्या प्रार्थनेला वेस्लीबाई ‘आमेन’ म्हणत नाहीत असं बुवांच्या लक्षात आलं. बाईंच्या मते तो खरा राजाच नव्हता. बुवा इतके रागावले की एका घरात दोन राजे चालणार नाहीत असं ठणकावून लंडनला निघून गेले, ते काही महिने आलेच नाहीत. मग आले, संसार पुढे चालू झाला, आणि पंधरा वर्षांनी राजाच्या नावाला हरकत घेणारं आणखी कुणीतरी भिंतीत येऊन बसलं. इतिहासकार याला योगायोग म्हणतील. आमच्या काकूंनी ही गोष्ट ऐकली आणि त्या इतकंच म्हणाल्या, "हुशार होत्या बाई."

आणि भानामती अडाण्यांच्याच घरी होते हा माईचा समज पुसून टाकायला पुण्याचंच घर पुरेसं आहे, तेही कुणाचं? ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन डॉक्टरेट मिळवलेला, मराठीत २३ खंडांचा ज्ञानकोश उभा करणारा माणूस. त्यांच्या पत्नी शीलावतीबाई मूळच्या एडिथ कोह्न. त्यांची बहीण मिस कोह्न डेक्कन कॉलेजात युरोपीय भाषा शिकवायची. १९२८च्या सुमारास या घरात वस्तू फेकल्या जाऊ लागल्या, बंद कपाटांतल्या जिनसा बाहेर येऊ लागल्या, हवेतून नाणी पडू लागली. हे सगळं घडायचं ते घरात दत्तक आलेल्या एका लहान मुलाच्या आसपास. मिस कोह्नने त्याची तारीखवार टिपणं ठेवली आणि ती थेट लंडनच्या हॅरी प्राइस या नामांकित भूतशोधकाकडे पोचली. १९३० साली दोघांच्या नावाने ती अमेरिकेतल्या एका नियतकालिकात छापूनही आली. आमच्याकडे नाणी पडली असती तर अण्णांनी ती वहीत जमेला लावली असती.

त्या मुलाने ते केलं की कुणी, या वादात मी पडत नाही. मिस कोह्नचा विश्वास पक्का होता. मला त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचं कुतूहल वाटतं. एका बाजूला जगातलं सगळं ज्ञान अकारविल्हे लावत बसलेला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला प्रत्येक उडालेल्या दौतीची वेळ टिपणारी मेव्हणी, आणि मधे एक पोरगं. मी त्याच्या जागी असतो तर मलाही काहीतरी फेकावंसं वाटलं असतं.

लंडनमधल्या एन्फिल्डची गोष्ट तर सिनेमामुळे पोराटोरांना ठाऊक आहे. १९७७ साल, नवऱ्यापासून वेगळी झालेली आई, चार मुलं, नगरपालिकेचं भाड्याचं घर. खुर्ची आपोआप सरकताना पाहिली, असं पोलिसातल्या एका बाईने लिहून दिलं. अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज येई. तीच मुलगी चमचे वाकवताना पकडलीही गेली, आणि मोठेपणी तिने सांगितलं की आम्ही खोटं केलं ते साधारण २ टक्के. मला हा आकडा फार आवडतो. दादांच्या मते २ टक्के म्हणजे निव्वळ लेखनाच्या चुका.

असो. आमच्याकडचं प्रकरण शेवटी हसण्यावारी गेलं, पण एका टप्प्यावर ते तसं जाईल असं वाटत नव्हतं. पेठेतल्या एका जाणकार बाईंनी माईला बाजूला घेऊन सांगितलं, "घरात परत आलेली लेक असली की असं होतं बरं." त्या रात्री आत्या जेवली नाही. पुढचे दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेताना काका उगाच खिडकीबाहेर बघत. महाराष्ट्रात कितीतरी घरांत, वस्त्यांवर या वाक्यापासून सुरू झालेली गोष्ट एखाद्या बाईला मारहाण करून, गावाबाहेर काढून संपलेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले, त्यात कुणावर करणी-भानामतीचा आळ घेऊन त्याला छळणं हा गुन्हा ठरवला आहे. तो कायदा झाला २०१३ साली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत सरकारने अध्यादेश काढला.

आमच्या घरी तेव्हा कायदा नव्हता, पण दादा होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी अण्णांना न विचारता एक काम केलं. दाभोलकर साताऱ्याचेच आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं कामही साताऱ्यातूनच चाले; दादा तिथे जाऊन आले. एका रविवारी शबनम पिशवीवाले एक गुरुजी आणि सुती साडीतल्या एक बाई आमच्या सोप्यावर येऊन बसल्या. अण्णांना वाटलं, मतदारयादीचे लोक आले.

त्यांनी काही शिंपडलं नाही, पेटवलं नाही. माडीवरची खोली मागितली आणि घरातल्या एकेकाला एकट्याने आत बोलावलं. दार लोटलेलं. आत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही ही अट.

इथे घरातल्या घडामोडींना वेगळंच वळण लागलं. काका आत गेले ते लालबुंद होऊन बाहेर आले आणि थेट पान खायला गेले. काकू आत हसत गेल्या, बाहेर येताना पदराने डोळे पुसत होत्या. मन्याला तर घाम फुटला होता, पण तो प्रगतिपुस्तकाचा. मग माईची पाळी आली. माई आत गेली आणि बाहेर येईचना. पोह्यांची वेळ टळली, पोहे गार झाले, पुन्हा गरम केले. आतून तिचा आवाज अखंड येत होता. गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलेलं नव्हतं, आता विचारलं होतं, तर ती १९४८ सालापासून सांगत होती. शेवटी बाईंनीच तिला हाताला धरून खाली आणलं. खाली येताना माई म्हणत होती, "उरलेलं पुढच्या रविवारी सांगते."

मग दोघं अण्णांसमोर बसले. गुरुजी म्हणाले, "काका, उद्यापासून हे थांबेल."

"कोण आहे?"

"ते आम्ही सांगत नाही. कुणालाच, कधीच. तुम्हीही शोधायचं नाही. आळ कुणावरही घ्यायचा नाही. हे मुद्दाम छळायला केलेलं नसतं. घुसमट झाली की माणूस काहीतरी करून बसतो."

"पण म्हणजे आरोपी मोकळाच?"

"तुम्ही एकच करा," बाई म्हणाल्या. "घरातल्या प्रत्येकाला काय हवंय ते विचारा."

अण्णा बराच वेळ गप्प होते. विचारा म्हणजे कसं विचारा, हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता. माणसाला तोंडाने असं काही विचारायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी वही उघडली. आम्ही सगळे सवयीने फळीकडे बघू लागलो. डबा जागचा हलला नाही. अण्णांनी घसा खाकरला आणि फर्मान काढलं: ज्याला जे हवं असेल त्याने कोऱ्या कागदावर अर्ज करावा. मायना, विषय, दिनांक, सही. मुदत शनिवारपर्यंत.

ते अर्ज अजून माझ्याकडे आहेत. मराठी वाङ्मयात कैफियतीचे पुष्कळ नमुने झाले, पण आमच्या कुटुंबाची ही दप्तरं कुठल्याही बखरीला हार जाणार नाहीत. काकूंनी लिहिलं होतं: ‘विषय: दिवाळीस माहेरी जाणेबाबत.’ खाली एकच ओळ: सात वर्षं झाली. काकांच्या अर्जात ‘स्वतंत्र’ असा शब्द लिहून खोडला होता, मग ‘स्वयंपाकघर’ लिहून खोडलं होतं, आणि शेवटी ‘स्कूटरला नवीन टायर मिळावा’ एवढं उरलं होतं. दादांना पगारातले थोडे पैसे स्वतःच्या खिशात ठेवायचे होते, ‘कारण विचारले जाऊ नये.’ मन्याला शास्त्र सोडून कॉमर्सला जायचं होतं. आत्याने दोन कलमं लिहिली होती: एक ट्रान्झिस्टर मिळावा, आणि माझ्यासमोर माझ्याविषयी हळू आवाजात बोलू नये, मोठ्याने बोलावे. आईने लिहिलं होतं, ‘माझी काही मागणी नाही.’ कागद उलटला की मागची बाजू तळापर्यंत भरलेली, समासातसुद्धा. माईला लिहिता येत नव्हतं; तिचा अर्ज मी लिहिला. सगळ्यांचं झाल्यावर जेवायला न बसता एखाद दिवस पहिल्या पंगतीला बसावं आणि कुणीतरी गरम पोळी वाढावी, अशी तिची मागणी होती. खाली अंगठा.

मी सायकल मागितली होती.

अण्णांपुढे पेच असा की गुन्हेगार यांतलाच कोणीतरी, पण कोण ते माहीत नाही. एकाचा अर्ज फेटाळला आणि तोच नेमका निघाला तर पुन्हा धोतर जाणार. आयुष्यभर संशयाचा फायदा आरोपीला देताना पाहिलेल्या त्या माणसाने अखेर तो सगळ्यांना दिला. प्रत्येक अर्जावर लाल शाईने शेरा आहे. काकूंना ‘मंजूर.’ दादांना ‘मंजूर, रकमेची मर्यादा राहील.’ आत्याला ‘दोन्ही कलमे मंजूर.’ काकांना टायर मिळाला. खोडलेल्या शब्दांपुढे पेन्सिलीने लहानसं प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि दोन वर्षांनी माडीवर वेगळी चूल मांडली गेली. मन्याच्या अर्जावर ‘पुढील तारखेस’ असा शेरा पडला. माझ्या अर्जावर ‘अर्जदार अज्ञान. नामंजूर.’ म्हणजे मी भानामती नाही हे अण्णांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. मला ते फार लागलं.

भानामती थांबली. पत्रा गप्प, फळी गप्प, मीठ मिठात. गिरणीवाल्याने लिंबू काढलं. दसऱ्याच्या आसपास एकदा मात्र गडबड झाली. मन्याची पुढील तारीख पुढे पुढेच जात होती, कॉलेजची मुदत संपत आली होती. एका रात्री पत्र्यावर एकच दगड पडला. मोठा नाही, बेताचा. अण्णा अंथरुणातून उठले, दिवा लावला, अर्जांची फाईल काढली आणि मन्याच्या कागदावर ‘मंजूर’ लिहून पुन्हा झोपले. स्मरणपत्राला उत्तर देणं हा त्यांचा शिरस्ताच होता.

पुढे कित्येक वर्षं घरात एकमेकांविषयी जो आदर नांदला त्याचं श्रेय मी संस्कारांना देत नाही. समोरचा कोण आहे हे ठाऊक नसल्यामुळे जो तो जपून बोलायचा. अण्णा गेले, मग माई गेली, घर बिल्डरला दिलं, आता तिथे सहा मजले आहेत.

मागच्या वर्षी मन्याच्या मुलीच्या लग्नात, आदल्या रात्री कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्या टाकून सगळे पडलो होतो. सीमांतपूजन आटोपलेलं, झोप कुणालाच नाही. काका अंधारात म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. ते दगड माझे."

"तुमचे?" आत्या उठून बसली. "तुम्हाला कधी कैरी पाडता आली नाही. दगड मी मारत होते. माडीच्या खिडकीतून, उलट्या हाताने."

"आणि डबा?"

"डब्याला काळा दोरा," काकू म्हणाल्या. "फळीमागून खिडकीतून बाहेर. मी न्हाणीत उभी राहायचे आणि ओढायचे."

"दोऱ्याचं रीळ मीच दिलं होतं हिला," आई शांतपणे म्हणाली. "कढी मात्र खरंच फाटायची."

पलीकडच्या गादीवरून दादांनी मिठाची जबाबदारी घेतली. मन्याने शेवटच्या दगडाची. म्हणजे गुरुजी आणि त्या बाई माडीवरून उतरताना त्यांच्याकडे एक नाव नव्हतं, अख्खी शिधापत्रिका होती, आणि तरी त्यांनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नव्हती. जो तो आता दुसऱ्याचं श्रेय कमी करण्याच्या खटपटीत होता. काकांचं म्हणणं, पहिला दगड तरी त्यांचा धरावा. आत्या तेवढाही सोडायला तयार नव्हती.

"आणि अण्णांचं धोतर?" मी विचारलं.

कुणी बोललं नाही. काकूंनी आईकडे बघितलं, आईने आत्याकडे. चष्मा बरणीत ठेवल्याचंही कुणी कबूल करेना.

"धोतर मी नाही हं," आत्या म्हणाली. "मला कात्री सरळ चालवता येत नाही."

"सरळ कात्री घरात एकाच माणसाची चालायची," दादा म्हणाले. "दुपट्यांचे काठ तीच कापायची."

"माईंचं नाव घेऊ नका," काकू एकदम गादीवर उठून बसल्या. "त्यांचा तर अर्ज सगळ्यात शेवटी मंजूर झाला होता."

"मग?" आई म्हणाली. "म्हणूनच तर दुसरं धोतर गेलं."

दुसरंही गेलं होतं हे तोवर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.